लिंबं बघून आणा

वार कोणताही असो, बिवलकरांच्या कॅसेटमधल्या बाईचा मंगळवारच असायचा.

"काय बोलू? बोल म्हणे. इकडे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात आणि मी यंत्राशी बोलत बसू? बरं. आज मंगळवार. साखर संपली आहे, येताना आणा. आणि लिंबं. लिंबं बघून आणा, मागच्या वेळी सगळी वाळकी आणलीत. झालं का? बंद करा ते आता."

एवढंच. मग खर्रकन कॅसेट मागे जायची आणि पुन्हा "काय बोलू?" दिवसातून दहा-बारा वेळा. माझं दुकान बुधवार पेठेत, बरोब्बर समोर. मी रेझिस्टर, कपॅसिटर, वायरी असला बारीक माल विकायचे. नवरा लवकर गेला, त्याचं दुकान मी चालवलं. काउंटरवर बाई दिसली की गिऱ्हाईक विचारायचं, "मालक नाहीत का?" मी सांगायचे, "आहेत की, भिंतीवर. विचारा त्यांना काय विचारायचंय ते." फोटोला हार घातलेला असायचा. माणूस ओशाळून निमूट सुटे भाग घेऊन जायचा. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या बोळाला माहीत होतं, आणि ते बिवलकरांच्याही वाट्याला यायचंच होतं.

समोरचं दुकान गाडीत टेप बसवून देणाऱ्या सुरेशशेठचं. बिवलकर त्यांचे भावजी, म्हणजे सुरेशशेठच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आधी ते रेडिओच्या कारखान्यात होते, आवाज तपासायच्या खोलीत बावीस वर्षं. बाहेरच्या देशांतला माल यायला लागला, कारखान्याला कुलूप लागलं, आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस मेहुण्याच्या दुकानात एका लाकडी स्टुलावर येऊन बसला. पूर्ण बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात पेनाशेजारी बारका स्क्रूड्रायव्हर आणि लाल नेलपॉलिशची बाटली.

तो काळच तसा होता. ज्याच्या त्याच्या हातात नवी गाडी, आणि प्रत्येकाला तिच्यात ढोल हवा. त्या ढोलाच्या स्पीकरला वूफर म्हणायचे. एक मोठा डबा सीटमागे ठेवायचा, त्याला अँप्लिफायर जोडायचा. डबा कोणीही जोडील. पण जोडल्यावर सगळा आवाज चिखल होतो, गाणारा कोण आणि वाजवणारा कोण ते कळत नाही, आणि तो चिखल निवळायचं काम बिवलकरांचं. सगळी बटणं शून्यावर आणायची. डब्याचा आवाज पार बंद करायचा. कॅसेट लावायची, गाडीच्या काचा पूर्ण वर करायच्या, डोळे मिटायचे आणि ती बाई समोरून बोलते आहे असं वाटेपर्यंत हलायचं नाही. मग डबा हळूहळू वाढवायचा. बाईचा आवाज सर्दी झाल्यासारखा जाड झाला, की केसभर मागे. ती सीटमागून बोलायला लागली, की डब्याकडे चुकीचे सूर जाताहेत, ते कापायचे. शेवटी एक कळ उलटीपालटी करून बघायची, कारण समोरचे स्पीकर पुढे ढकलत असताना डबा मागे ओढत असेल तर ढोल असून नसल्यासारखा. सगळं जमलं की प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब. वाळला की स्क्रू हलत नाही. "आधी माणूस, मग ढोल," ते म्हणायचे. "आता हात लावायचा नाही. लावलात तर थेंब तडकलेला मला दिसतो."

एक जण म्हणाला, "काका, काचा हलल्या पाहिजेत."

"मग दगड मारा, स्वस्त पडेल."

असा माणूस. आणि मी, रोज तीच वाक्यं ऐकून कान किटलेली. पहिल्याच वर्षी एकदा रस्ता ओलांडून गेले आणि चारचौघांत म्हटलं, "अहो बिवलकर, एकदाची आणा की साखर. किती दिवस ओरडायला लावणार आहात त्यांना?"

लोक हसले. बिवलकरही थोडे हसले. म्हणाले, "आणली वहिनी. त्याच दिवशी आणली होती."

संध्याकाळी सुरेशशेठने मला सांगितलं. ती बाई म्हणजे त्यांची बहीण, शालिनी. तो आवाज भरल्यावर दोन-तीन वर्षांनी तिला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. शनिवार पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत ती पडून असते, बिवलकर सकाळी तिचं सगळं आवरून येतात, दुपारी एकला भरवायला जातात, सहाला दुकान सोडतात. मी घरी जाऊन जेवले नाही. दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले तर म्हणाले, "तुम्हाला कुठे माहीत होतं?" आणि काचा वर करून घेतल्या.

त्यानंतर मी बघायला लागले, तेव्हा दिसलं की हा माणूस किती जागच्या जागी आवळलेला आहे. शनिवार पेठ ते बुधवार पेठ, मध्ये चार वळणं, आणि त्याच्या पलीकडे त्याने वर्षानुवर्षं पाय टाकला नव्हता. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खायला पुणं लोटायचं, हा म्हणायचा, "नळाला तिथलंच पाणी येतं." एकदा कोथरूडचा एक सॉफ्टवेअरवाला आला. गाडीचा आवाज ऐकून थक्क झाला. त्याच्या मित्राची बंगळुरात गाड्यांच्या स्पीकरची कंपनी होती. म्हणाला, "काका, यू आर वेस्टेड हिअर. तिकडे चला, ते तुम्हाला लॅब देतील." बिवलकरांनी पत्ता लिहून घेतला, नीट घडी घालून खिशात ठेवला. पुष्कळ महिने तो कागद त्या खिशात मी बघितला. सदरा धुतला की कागद काढून पुन्हा ठेवलेला.

"विचार करताय का?" मी विचारलं.

"छे. तिला तीन मजले उतरवणार कोण?"

सुरेशशेठ आतून ऐकत होते. म्हणाले, "आणि भावजी, ताईसाठी तुम्हाला रोज एक वाजता घरी कोण सोडणार आहे दुसरं?" वाईट मनाने नव्हे. खरंच होतं ते. पण दार बाहेरून लावलं काय आणि प्रेमाने लावलं काय, आतल्याला फरक पडत नाही.

त्याच सॉफ्टवेअरवाल्याने ती कॅसेट मागितली होती. कॉम्प्युटरवर घेतो, सीडी करून देतो, कॅसेट कधीतरी तुटेल म्हणाला. बिवलकर म्हणाले, "नको. एकदा दुसऱ्याकडे गेली की चार होतील." आता हा काय युक्तिवाद झाला? पण त्यांनी कॅसेट दिली नाही. त्या आवाजाची जगात ती एकच प्रत होती.

आणि ती घालवली मी.

लोणी काळभोरचा संपत, स्वतःचा ट्रक, स्वतःच चालवायचा. महिन्यातले वीस दिवस केबिनमध्ये. त्याने वूफर बसवून घेतला होता. ट्रक पेठेत शिरत नाही, तो नदीपात्रात लागायचा आणि बिवलकर पिशवी घेऊन तिकडे चालत जायचे. त्या दिवशी बारा वाजता ते गेले, आणि साडेबाराला सुरेशशेठ बाहेर गेलेले असताना माझ्या दुकानात फोन वाजला. बिवलकरांच्या शेजारीण होत्या. शालिनीवहिनी पलंगावरून खाली घसरल्यात, हलेनात. मी शटर अर्धं ओढलं आणि नदीपात्रापर्यंत जवळजवळ पळत गेले. उंच केबिन, काचा वर, आत हे डोळे मिटून. मी काचेवर थापा मारल्या. त्यांनी ऐकलं, उतरले, एक शब्द न बोलता धावत सुटले. पिशवीसुद्धा सीटवरच.

संपत मला म्हणाला, "ताई, कांदा भरायचाय, चेन्नईला जायचंय. थांबू का?"

मी म्हटलं, "जा बाबा तू. ते आज काही येत नाहीत." पिशवी तेवढी मागून घेतली. मोठी शहाणी. टेपमध्ये काय आहे ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

शालिनीताईंना खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. बिवलकर दुसऱ्या दिवशी आले, पिशवी उघडली, आत हात घालून बराच वेळ चाचपत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी काउंटरच्या आत उभी होते.

"मी त्याला जा म्हटलं," मी म्हणाले.

"बरोबरच बोललात. त्याचा कांदा सडला असता."

त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मोबाइल तेव्हा नुकते आले होते, पण संपतकडे कुठला? त्याच्या घरी निरोप ठेवला. घरचे म्हणाले, तिकडून नारळ भरेल, मग येईल, पंधरा दिवस, वीस दिवस, सांगता येत नाही. टेपने पट्टी खाल्ली तर? कोणी वर गाणी भरली तर? बिवलकर नेहमीसारखेच एकला जायचे, दोनला यायचे. पण त्या दिवसांत त्यांनी आवाज लावून दिलेल्या तीन गाड्या तक्रार घेऊन परत आल्या. सुरेशशेठ वैतागले. "भावजी, दुसरी कॅसेट लावा की. गाण्यांना काय दुष्काळ आहे?"

"गाण्यात मला कुठे थांबायचं ते कळत नाही," बिवलकर म्हणाले. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगितलं.

अठराव्या दिवशी दुपारी दोन वाजून गेल्यावर संपत पेठेत चालत आला. हातात रुमालात बांधलेली कॅसेट आणि दुसऱ्या हातात पिशवीभर लिंबं. पिवळीजर्द, पातळ सालीची.

"काका, लई वेळा ऐकलं. पयल्यांदा वाटलं, रेकॉर्डिंग संपलं की गाणी लागतील. मग गाण्याची वाटच बघितली न्हाई. येकटाच असतो वो गाडीत. त्या रोज सांगत व्हत्या लिंबं बघून आणा, म्हणून आणली. बघून आणलीत. काकूंना द्या."

बिवलकरांनी कॅसेट सदऱ्याच्या खिशात ठेवली, बंगळूरच्या कागदाशेजारी, आणि वर हात दाबून धरला. मग संपतला सगळं सांगितलं. मला वाटतं, त्यांनी स्वतःच्या तोंडाने कोणाला सांगितल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

संपतने मान खाली घालून ऐकलं. "म्हंजे काकू बोलत न्हाईत. पर ऐकतात ना?"

"ऐकते. सगळं कळतं तिला."

"मग ही ऐकवली आसंल त्यांना."

"नाही. रडेल ती."

"विचारलं का?"

घरात टेप नाही, असं काहीतरी बिवलकर पुटपुटले. संपत म्हणाला, "माझ्या गाडीत हाय की. सेटिंग पण आर्धवट राह्यलंय. उद्या सकाळी आणू काकूंना. माझ्यावर सोडा. पन्नास किलोची गोणी रोज उचलतो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही गेले. नको तिथे नाक खुपसायची सवय, आणि शिवाय मी देणं लागत होते. शालिनीताई मी पहिल्यांदा बघितल्या. इतकी वर्षं आवाज ओळखीचा, आणि बाई ही एवढीशी. विंचरायला सोपं जावं म्हणून केस मुलासारखे कापलेले. पण डोळे असे की नजरेने माणसाला उठवून बसवतील. संपतने त्यांना पाठकुळीला घेतलं. त्यांनी डाव्या हाताने त्याच्या गळ्याला विळखा घातला. जिना अरुंद आणि काळोखा, बिवलकर खालच्या पायरीवर उलटे चालत, दोन्ही हात पसरून. "सांभाळ रे, सांभाळ." शालिनीताईंच्या घशातून मधूनमधून "हं" येत होतं. रस्त्यावर आल्यावर त्यांनी तोंड वर केलं आणि उन्हात डोळे घट्ट मिटून घेतले. नऊ वर्षांनी.

रिक्षाने नदीपात्रात नेलं. केबिनमध्ये चढवायला संपतला खरा दम लागला. त्यांना दाराशेजारच्या सीटवर उशी लावून बसवलं, मध्ये बिवलकर, चाकामागे संपत. मी बाहेर पायरीवर चढून उघड्या दारात उभी. बिवलकरांच्या नियमाप्रमाणे दार लावून काचा वर पाहिजेत, पण मला उतरा म्हणायचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी बटणं शून्यावर आणली. कॅसेट घातली आणि नेहमीसारखे डोळे मिटले.

"काय बोलू? बोल म्हणे. इकडे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात..."

मी शालिनीताईंकडे बघत होते. त्या दचकल्या. मग चेहरा हसरा झाला, अगदी तरुण. लिंबांपाशी त्यांनी संपतकडे बघितलं, कारण लिंबांची हकिकत त्यांना आधीच कळली होती. "बंद करा ते आता," आवाज म्हणाला. बिवलकरांनी डोळे न उघडता कॅसेट मागे नेली. डबा किंचित वाढवला. "काय बोलू?" या वेळी शालिनीताईंचं हसू ओसरलं. तिसऱ्यांदा "काय बोलू?" झालं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी होती. रडणं वगैरे काही नाही. आपण समोर बसलेलो असताना नवरा दुसऱ्याच कोणाशी बोलतोय, म्हणजे कुठल्याही बाईच्या कपाळाला पडेल तशी आठी.

"झालं का? बंद करा ते आता."

शालिनीताईंनी डावा हात अंगावरून पलीकडे नेला आणि टेपचं बटण दाबलं. कॅसेट बाहेर आली. ती काढून त्यांनी पदराखाली ठेवली. बिवलकरांनी डोळे उघडले.

"हं," शालिनीताई म्हणाल्या.

"शालू, अजून थोडं राहिलंय लावायचं," बिवलकर म्हणाले. "दे ती."

"हं."

"काकू पुरे म्हणत्यात," संपत म्हणाला.

"ती काही म्हणत नाही रे. तेवढंच येतं तिला. नुसतं हं."

"नुसतं कसं? मघा जिन्यात मला 'हळू' म्हणाल्या. हितं दाराला डोकं आपटत व्हतं तवा 'अरे' म्हणाल्या. आता 'पुरे'. काकू बोलतात की वो."

नऊ वर्षं त्या पलंगावरून बोलत होत्या, आणि हा माणूस, ज्याला सुताएवढा फरक ऐकू यायचा, कान दुकानात ठेवून घरी जात होता. बिवलकरांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर खाली पडला तो त्यांनी उचलला नाही.

मग त्यांनी विचारलं, "शालू, पुरे?"

"हं."

मग संपतने त्याची एक भजनाची कॅसेट लावली. बिवलकर डबा वाढवत गेले, पण या वेळी डोळे उघडे, बायकोच्या तोंडाकडे बघत. "एवढा? अजून?" एका जागी त्या "हं" म्हणाल्या आणि ते थांबले. तिथेच थेंब टाकला. पेठेत इतक्या गाड्या लागल्या, पण त्या ट्रकसारखा आवाज मी दुसऱ्या गाडीत ऐकला नाही. परत वर जाताना शालिनीताईंनी जिन्याच्या तोंडाशी संपतची पाठ घट्ट धरली आणि चेहरा रस्त्याकडेच ठेवून "हं" केलं. त्यांना वर जायचं नव्हतं. ते "हं" मलासुद्धा कळलं. पण नेलं. तीन मजले कमी होणार नव्हते.

कॅसेट त्यांनी परत दिली नाही, उशीखाली ठेवली. महिन्याभरात बिवलकरांनी कुठूनसा टेप घरी नेऊन नवी भरून आणली. तिच्यात ते स्वतःच विचारत होते, "पाणी हवं? खिडकी लावू? साखर संपली का?" आणि प्रत्येक प्रश्नानंतर एक "हं". त्यावर ते गाड्या लावायला लागले. गिऱ्हाइकांना हसू यायचं. बंगळूरचा कागद खिशातून कधी गेला मला माहीत नाही. एकला जायचे ते आता तीनला परत यायला लागले, आणि सुरेशशेठने त्यावर एक शब्द काढला नाही. संपत पुण्यात असला की रविवारी शालिनीताईंना खाली आणायचा. असे मोजके रविवार झाले. चौथ्या की पाचव्या हिवाळ्यात शालिनीताई झोपेतच गेल्या.

आता बिवलकर कुठेही जायला मोकळे होते. मी तसं म्हटलंही. फटकन म्हटलं, माझ्या स्वभावाप्रमाणे. ते म्हणाले, "कुठे जाऊ?" आणि रोज त्याच चार वळणांनी येत राहिले. एकला उठून घरीही जात राहिले. घरी कोणी नव्हतं. मला त्यांचा राग यायचा आणि त्या रागाचं काय करावं ते कळायचं नाही.

पुढे गाड्यांत कॅसेट घालायची फटच येईनाशी झाली. माझ्या मालालाही कोणी विचारेना, आणि मी दुकान विकलं. शेवटच्या दिवशी किल्ल्या देऊन नदीपात्रातून घरी निघाले होते. पात्रात संपतचा जुना ट्रक उभा दिसला. संपत बाहेर दगडावर बसून चहा पीत होता. मी नजरेनेच विचारलं. तो म्हणाला, "काय बिघडलं न्हाई गाडीचं. थेंब जसाच्या तसा हाय. काकाच म्हणाले, आलास की गाडी लाव, बघून देतो. दर खेपेला म्हणतात."

मी केबिनजवळ गेले. पांढरा सदरा, मिटलेले डोळे. काच त्या दिवशी बोटभर खाली राहिली होती. आतून बिवलकरांचाच कॅसेटमधला आवाज आला, थोडा तरुण, "शालू, साखर संपली का?"

"हं."

आणि सीटवरच्या बिवलकरांनी डोळे न उघडता, हळूच, नेहमीच्या आवाजात सांगितलं, "आणतो."

मी काच वाजवली नाही.